नळीतला लांडगा
कडू कॉफीचा वास आला की मला सणसरजवळचा तो उघडा माळ आठवतो. नव्वदच्या दशकात आमची मेंढरं तिथं चरायची. एका सकाळी परदेशातले एक नवरा-बायको घरासारखी गाडी घेऊन तिथं आले. आत चूल, अंथरूण, सगळं होतं. आई म्हणाली, "बिऱ्हाड घिऊन फिरत्यात, मग ह्यांची मेंढरं कुठायत?" त्या बाईनं आम्हाला कॉफी पाजली आणि चित्रांच्या पुस्तकातल्या लांडग्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात नवऱ्यानं तीन पायांवर एक लांब नळी उभी केली. ती बंदूकच वाटून माझे वडील, आबा, हरखले, कारण आदल्याच दिवशी लांडग्यानं आमचं कोकरू नेलं होतं. लगबगीनं दोघांना नळीसकट ओढ्याकाठी नेऊन आबांनी पलीकडची, लांडगा दुपारी जिच्याखाली पडायचा ती बाभळ दाखवली आणि स्वतः कानात बोटं घालून उभे राहिले. बार काही झाला नाही; नळी दुर्बिणीची निघाली. ती बाई नळीला डोळा लावून चक्क रडत होती. मग तिनं आबांना पुढं केलं. आबा दचकून मागं सरले, पुन्हा वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. परतल्यावर आईनं विचारलं, "मारला का वो?" "न्हाय. झोपला हुता, बघितला." "मग ती बाई डोळं पुसत का आली?" आबांनी फेटा काढून डोकं खाजवलं. "काय की. तिचं बी कोकरू नेलं आसंल." आता मेंढरं नाहीत, माळावर ऊस आहे. तिथं आलो की मी अजून मोटरसायकल हळू करतो. काय बघायचं असतं, मलाही सांगता येत नाही.