दरोडेखोराची ताटली

जर्मनीतल्या आमच्या हेर्त्सोगेनआउराखहून निघण्याआधी मी सासूबाईंच्या पिशवीतून तीन डबे बाहेर काढले. एकात दशम्या होत्या, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्याबद्दल विचारल्यावर आई म्हणाल्या, "काही नाही गं, थोडा साखरआंबा." तिन्ही डबे मी फ्रिजमध्ये ठेवून आले.

"काय ठरलं होतं आपलं?" गाडी सुरू करताना मी विचारलं.

"चार दिवस बाहेरच जेवायचं," आई म्हणाल्या. "पण वाटेत भूक लागली तर?"

"वाटेतही बाहेरच."

आई पट्टा लावून समोर बघत बसल्या. मागच्या सीटवर माझी अकरा वर्षांची लेक सई हसत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं.

आई अडीच महिन्यांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. संध्याकाळी मी, माझा नवरा निनाद आणि सई टेबलाशी बसायचो आणि आई शेगडीपाशी उभ्या राहून एकेक गरम पोळी आमच्या पानात टाकायच्या. मी उठले की "बस गं, ऑफिसातून दमून आलीस" म्हणून परत बसवायच्या. आमचं आटोपलं की उरलेली भाजी कढईतच पोळीने पुसून उभ्या उभ्या खायच्या. या अडीच महिन्यांत त्या एकदाही आमच्यासोबत जेवल्या नाहीत. दहा दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. गुडघ्यांनी त्या बेजार आहेत, तेव्हा पुन्हा येणं होईल याची खात्री ना त्यांना होती, ना मला. म्हणून मी ठरवलं की या बाईने एकदा तरी खुर्चीवर बसून, स्वतःच्या मनाने मागवलेलं अख्खं ताट, गरम असताना जेवायचं. बास, एवढंच. हसणाऱ्यांनी हसावं, मी मात्र हट्टाला पेटले होते.

बाडेन-बाडेन निवडलं ते याच हिशेबाने. हे जुगाराचं आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. माणसं इथे कॅसिनोत खेळायला आणि पाण्यात डुंबायला येतात आणि मधल्या वेळात खातात. दर चार पावलांवर एक रेस्टॉरंट. हॉटेलच्या खोलीत शेगडी नाही, हे मी दोनदा फोन करून पक्कं केलं होतं. निनाद ऑफिसच्या कामात अडकला, म्हणून आम्ही तिघीच निघालो.

पोहोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते, आणि माझा पहिला बार तिथेच फुसका निघाला. पहिल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर दोनला बंद झालेलं. दुसऱ्याच्या दारावर रूहटाग (आठवड्याची सुट्टी) अशी पाटी. तिसऱ्यात आम्हाला आत घेतलं, पण पाच वाजेपर्यंत फक्त केक मिळेल म्हणाले. जर्मनीत बारा वर्षं काढून मी हे विसरले होते. शेवटी एका बेकरीत उभ्या टेबलाशी लोणी लावलेले ब्रेत्सेल (वेटोळ्या आकाराचा खारट पाव) खाल्ले.

"उभ्यानेच खायचं होतं तर घरी काय वाईट होतं," आई म्हणाल्या.

संध्याकाळी मात्र एका वाइनश्टूबेत (वाइनसोबत घरगुती जेवण देणारी जुनी खानावळ) टेबल मिळालं. लाकडी बाकं, खिडकीत लाल फुलं, शेजारच्या टेबलावर मोठ्याने हसणारे चार म्हातारे. वाढणाऱ्या बाईंनी तीन मेनूकार्डं आणली. आईंनी त्यांचं न उघडताच मिटलेलं पुढे सरकवलं.

"मला वेगळं नको. तुमच्यातलंच घेईन थोडं."

"आई, इथे प्रत्येकाचं वेगळं असतं."

"असू दे. मी दोन घास खाणार, त्याला अख्खी डिश कशाला?"

मी समजावत होते तेवढ्यात सईने त्या बाईंना जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. त्या आत गेल्या आणि एक रिकामी ताटली, काटा, सुरी आणून त्यांनी थाटात आईंपुढे मांडली.

"रॉयबरटेलर," सई म्हणाली. शब्दशः दरोडेखोराची ताटली. इथल्या बऱ्याच मेनूकार्डांत ती लहान मुलांच्या पानावर असते. मुलाने स्वतःचं काही मागवायचं नाही, रिकामी ताटली घ्यायची आणि आईबापांच्या पानातलं लुटायचं. मी हे आईंना समजावून सांगितलं आणि तिथेच फसले.

"म्हणजे यांच्यात रीतसर सोय आहे," आई खूश होऊन म्हणाल्या. "आणि तू मला उगीच लाजवत होतीस."

मी दोन डिश मागवल्या होत्या, दोन्ही शाकाहारी, आईंना चालतील अशा. केझश्पेत्झ्ले (जाड शेवेसारखे पिठाचे तुकडे, भरपूर चीज घातलेले) आणि बटाट्याचं सूप. मांसाचं पाणी नाही ना, डुकराच्या चरबीत परतलं नाही ना, हे विचारून झालं. कार्डावर आणखीही बरंच काही होतं. मी ते वाचलं आणि मिटलं. आईंनी माझ्यातले चार चमचे लुटले, "जरा हिंग हवा होता" असा शेरा दिला आणि जेवण संपलं.

दुसऱ्या दिवशी मी जिद्दीने बाहेर पडले. मे महिना, श्पार्गलचा (मातीखाली वाढवलेला पांढरा अ‍ॅस्परॅगस) हंगाम. या दिवसांत जर्मन माणूस दुसरं काही बोलत नाही. ओढ्याकाठच्या एका बागेतल्या रेस्टॉरंटात गेलो. आईंनी वेटरकडे बघून स्वच्छ उच्चारात सांगितलं, "रॉयबरटेलर, बिटे." अडीच महिन्यांत त्या पहिल्यांदाच कुणाशी आपणहून जर्मन बोलल्या. वेटरने अदबीने मान झुकवली. मी कपाळावर हात मारला.

श्पार्गल मी मागवला. आईंनी एक कांडी उचलली, वितळलेल्या लोण्यात बुडवली, खाल्ली. मग दुसरी.

"शेवग्याच्या शेंगेसारखं आहे, पण चोथा टाकायचा नाही," त्या म्हणाल्या.

"मागवू का तुम्हाला?"

"नको गं, झालं माझं."

दुपारी केक झाला, काळ्या जंगलातला (ब्लॅक फॉरेस्ट) प्रसिद्ध चेरीचा. आईंनी माझ्यातला घास घेतला आणि वास घेऊन थांबल्या. त्यात चेरीची दारू असते हे सांगायचं मी विसरले होते. आता काय होतं म्हणून मी बघत बसले. आईंनी थोडा विचार केला. "कफ सिरपमध्येही असतेच," असं म्हणून पुढचा घास घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅसिनो बघितला. सकाळी खेळ बंद असतो आणि लोकांना आतून दाखवतात. लाल मखमल, सोनेरी वेलबुट्टी, छतभर झुंबरं. दाखवणाऱ्या गृहस्थांनी आकड्यांची चकती फिरवून चेंडू सोडला आणि सगळ्यांना मनात एक आकडा धरायला सांगितलं. आईंनी धरला नाही.

"आजी, वारुम निश्ट?" सईने विचारलं. का नाही?

"हरले तर उगीच वाईट वाटेल," आई म्हणाल्या.

त्या सहज बोलल्या, पण माझ्या मनातून ते जाईना. दुपारी तारेने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून डोंगरावर गेलो, तिथल्या खानावळीतही त्यांनी रिकामी ताटलीच मागवली. खाली सगळं गाव, त्यापलीकडे राइनचं मैदान, आणि आई माझ्या पानातला बटाटा खात होत्या. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

"आई, मी हे सगळं कशासाठी केलं? तुम्ही एकदा तरी स्वतःचं ताट मागवावं म्हणून. एवढं एक ऐकलंत तर काय बिघडेल?"

आईंनी काटा ताटलीत ठेवला. मग म्हणाल्या, "मला काय आवडतं ते मला कार्ड वाचून कळत नाही गं. निनादला काय आवडतं, त्याच्या बाबांना काय आवडायचं, ते झोपेतून उठवून विचार. माझं कधी कोणी विचारलं नाही, मग मीही लक्ष ठेवलं नाही. अख्खं मागवलं आणि आवडलं नाही तर?"

डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं.

शेवटच्या संध्याकाळी कॅसिनोशेजारच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात टेबल राखून ठेवलं होतं. पांढरे टेबलक्लॉथ, मध्ये फुलदाणी. आईंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. मी आता हट्ट सोडला होता. वेटर आला तेव्हा मीच म्हणाले, "आइन रॉयबरटेलर..."

"थांब," आई म्हणाल्या. त्यांनी कार्ड उघडून सईपुढे धरलं. "फोरेले कुठे लिहिलंय, दाखव."

सईने बोट ठेवलं. फोरेले म्हणजे इथल्या झऱ्यांतला ट्राउट मासा.

"वृषाली," आई म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून बघत्येय. प्रत्येक कार्डात तू या एका ओळीवर थांबतेस आणि मग माझ्यापुरती भाजी मागवतेस. काय लिहिलंय ते मी सईला विचारलं. अलिबागची मुलगी तू. अडीच महिन्यांत घरात मासा आला नाही, ते माझ्यामुळेच ना?"

चोरी पकडली गेली होती.

"मला सांगतेस स्वतःचं मागव. आणि तू गं? मी माझं मागवते. पण आधी तू तुझं मागव."

"आई, तुमच्यासमोर..."

"मी काही आंधळी होत नाही. फक्त त्याचं तोंड तिकडे कर."

मी फोरेले मागवला. मग आईंनी चष्मा सारखा केला आणि वेटरकडे बघून सांगितलं, "श्पार्गल." एक बोट वर करून स्वतःच्या छातीकडे दाखवलं, चुकूनही घोटाळा नको म्हणून.

ताटं आली. माझा मासा डोक्यासकट होता, मी तो वळवला आणि आईंनी फुलदाणी त्याच्या आड येईल अशी सरकवली. त्यांच्यापुढे पांढऱ्या कांड्यांची रास, बटाटे, लोण्याची वाफाळती वाटी. त्या सावकाश, एकेक कांडी, शेवटापर्यंत जेवल्या. कुणाला "घे गं" म्हणाल्या नाहीत. निम्म्यात सईने काटा पुढे केला.

"तुझी रॉयबरटेलर कुठाय?" आईंनी विचारलं आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

तो मासा मी काट्यापर्यंत साफ केला. एवढा चांगला मासा बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता आणि तो मी चोरून खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो. मी तिथे आईंना काहीतरी द्यायला गेले होते, आणि मी स्वतः काय मागायचं टाळत होते ते मला त्यांच्याकडून कळलं. फ्रिजमध्ये तिन्ही डबे तसेच होते. संध्याकाळी मी कपडे धुवायला टाकून आले तेव्हा आईंच्या सगळ्या पोळ्या करून झाल्या होत्या, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या. शेगडी बंद होती. टेबलावर चार पानं मांडलेली, आणि चौथ्यासमोर आई बसलेल्या.

निनादने पहिला घास घेतला आणि सवयीने शेगडीकडे बघितलं.

"आई, पोळ्या गार झाल्यात."

"हो," आई म्हणाल्या. "माझीही गारच आहे."

मग त्यांनी भाजीचं भांडं ओढलं, आधी स्वतःच्या पानात वाढून घेतलं आणि माझ्याकडे सरकवलं.