रोज नव्याने काढायचा नकाशा

आदल्या संध्याकाळी मी बायकोला मटकीची उसळ खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तिला किरणोपचाराच्या टेबलावरून उतरवण्यात आलं. कडधान्यं नकोत, असं तिथल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पण मोड आलेलं धान्य हलकं, हे आमच्या आईचं मत, आणि तिच्यापुढे कागद काय!

बायकोला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. उपचारांचा तिसरा आठवडा चालू होता. रोज आधी लघवीला जाऊन यायचं, मग मोजून पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरलं की ते रोखून यंत्राखाली निश्चल पडायचं. त्या दिवशी स्कॅनमध्ये आतड्यात वायूच वायू दिसला. तिला फेऱ्या मारायला लावलं आणि पाणीही पुन्हा पहिल्यापासून प्यायला. ती माझ्यासमोरून सहा वेळा गेली.

"काल काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघू लागलो.

"पण मॅडम, किरण कुठे सोडायचे तो नकाशा तुम्ही रोजच बदलता ना? मग वायू धरूनच काढा की आजचा."

मी नकाशे काढणारा माणूस. आमच्याकडे आराखडा एकदा मंजूर झाला की खिडकी सरकवायलाही परत अर्ज करावा लागतो. इथे रोज सकाळी नवा! म्हणजे कालचा चुकला होता की काय, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती. तीही बोलून टाकली.

"काका, चुकत नाही. मूत्राशय कधी जास्त भरतं, कधी कमी, तसं गर्भाशय पुढेमागे सरकतं. गाठही लहान होतेय. कालच्याच रेषांवर किरण सोडले तर आतडं भाजेल. म्हणून आज आहे तसं बघून आज आखायचं. पण आखून किरण सोडेपर्यंत तरी आतलं हलायला नको. वायू हलतो."

मी मान डोलावली. कळलं निम्मंच.

बायको प्राथमिक शाळेत शिकवते. पहिल्या भेटीत तिने एकच विचारलं होतं, "तास संपेपर्यंत वर्गात उभी राहू शकेन ना? मधेच बाथरूमला धावावं नाही ना लागणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शब्द देत नाही. पण त्यासाठीच तर रोजची ही खटपट."

दीड तासाने उपचार झाले. बिबवेवाडीला घरी जायला रिक्षेत बसल्यावर मी न राहवून विचारलं, "अगं, तुझा विश्वास बसतो का या रोजच्या बदलण्यावर?"

"विश्वासाचं नंतर बघू," ती म्हणाली. "मी आज कशी आहे ते आधी बघतात आणि मग ठरवतात, एवढं मला पुरतं. आणि अहो, रिक्षावाल्यांना जरा हळू चालवायला सांगा. कालपासून लघवीला जळजळतंय. डॉक्टरीणबाईंना सांगितलंय मी. तुम्हाला नव्हतं सांगितलं."