मान हलवायची नाही

अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बापटबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिबवेवाडीला घरी भाकऱ्या करत होते. तवा उतरवला आणि पिठाच्या हातांनी तशीच बसून राहिले… त्याला आता महिना झाला.

सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वरच्या खोलीत बाई शिक्षकांचे वर्ग घ्यायच्या. पहिलीपासून इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. मराठी शाळांतल्या मुलांना ते शिकवायचं कसं, हे बाई शिक्षकांना शिकवत. मी तिथे झाडलोट आणि चहा करायची. एके दिवशी बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, "सुमनताईंना इंग्रजी येत नाही. यांना कळलं तर तुम्ही पास."

शिकायला येणाऱ्या त्या शिक्षकांत शिंदे सर तेव्हा अगदी नवे. पुस्तक कुठे आहे, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते शिकवत होते. फळ्यावर लिहायचे आणि तेच पुन्हा जोरात म्हणायचे. बाई मागून म्हणाल्या, "सर, आवाज चढवून इंग्रजी कळत असतं तर सरकारने भोंगेच नेमले असते." सगळे हसले. सरांचे कान लाल झाले. त्यांनी मला विचारलं, "मावशी, कळलं?" मला त्यांची दया आली. मी मान हलवली. मग बाईंनी एक पुस्तक माझ्या हातात दिलं आणि इंग्रजीत काहीतरी करायला सांगितलं. मी ते छातीशी धरून नुसती उभी.

चहाच्या वेळी बाई माझ्याजवळ आल्या. "मान हलवायला पुण्यात नंदीबैल कमी आहेत का, सुमनताई?"

"सरांना वाईट वाटलं असतं हो, बाई."

"आणि उद्या त्यांच्या वर्गातली चाळीस पोरं अशीच माना हलवतील, त्यांचं काय?"

तेव्हा मी बाईंना कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं. चौथीत गणित कळायचं नाही, तरी गुरुजींनी विचारलं की मी हो म्हणायची. नापास झाले, आणि शाळा सुटली ती सुटलीच… बाईंनी माझ्या हातातली किटली घेतली आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांनी वाटला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तोच धडा पुन्हा घेतला. मी दोनदा म्हटलं, "नाही कळलं." आवाज कसाबसा फुटला. सरांनी खडू ठेवला, पँट वर ओढली आणि स्वतःच टेबलाखाली जाऊन बसले. तिथून म्हणाले, "अंडर द टेबल." मी पुस्तक नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाई एवढंच म्हणाल्या, "या आता बाहेर. पास."

आता शिंदे सरच शिक्षकांचे वर्ग घेतात. बाईंच्या शोकसभेत ते कागद बघून बोलत होते, निम्मं इंग्रजीत. मी शेवटच्या रांगेत होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. "मावशी, कळतंय ना?"

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. इतक्या माणसांत मी कधी बोललेली नाही. मी उभी राहिले.

"नाही कळलं, सर."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली, आणि बाईंविषयी पहिल्यापासून, मराठीत सांगायला लागले.