मूठभर पोट, पातेलंभर रस्सा

आमच्या गटाच्या स्वयंपाकघरात भांडी कमी आणि किस्से जास्त. भांडी निदान घासून पालथी घालता येतात. किस्से मात्र तसेच पडून राहतात, आणि मसाला भाजायला चार बाया बसल्या की कुणीतरी एखादा उकरून काढतंच! त्यातले निम्मे माझ्या पोटाचे. तेव्हा म्हटलं, दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावं. मीठमसाल्याचा धंदा तर माझाच आहे.

मी मंदा, पिंपरी पेंढारची. आमचा बचत गट मासवडी-रस्स्याच्या ऑर्डरी घेतो; नावात मासा, पण वडी बेसनाची. साखरपुडा असो, वास्तुशांत असो, आमचा टेम्पो हजर. गटात शोभाताई वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि तोंडानं त्याहून मोठ्या. सुनीता सगळ्यांत धाकटी, तिच्या कानाला कायम मोबाइल, कारण ऑर्डरी तीच घेते. आणि रस्स्याची चव माझी.

आमच्यात एक रीत आहे. रस्सा तयार झाला की पहिली वाटी मी घ्यायची. सगळ्यांसमोर, उभ्यानं. वाटी रिकामी करून मी "सोडा!" म्हटलं की मगच पातेलं पंगतीकडे जाणार. आमच्या रस्स्याला कधी कुणी नावं ठेवली नव्हती, त्याचा मला लई गर्व. खोटं कशाला बोलू, अजून आहे!

*

ऑपरेशनच्या आधी माझं वजन असं होतं, की प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मोडल्यावर आमच्या मालकांनी वेल्डिंगवाल्याकडून माझ्यासाठी लोखंडी खुर्ची करून आणली. गुडघे गेलेले, शुगर वाढलेली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पोट लहान करायचं ऑपरेशन करून टाका.

गटात ही बातमी सांगितली. शोभाताईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मंदे, डोकं फिरलं का तुजं? तुला बघून लोकं आर्डर देत्यात! म्हंत्यात, ही बाई एवढी खाती म्हंजी रस्सा भारीच असंल. तू वाळली तर आपला बोर्डच पडला की गं!"

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "साहेब, जिभेला तर काय व्हणार न्हाई ना?"

डॉक्टर हसले. "ताई, ऑपरेशन पोटाचं आहे. जीभ कोण कापतंय?"

डाएटवाल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काही जणांची चव बदलते. काहींची परत येते, काहींची थोडी वेगळीच राहते."

मी तिथंच उठून घरी येणार होते. पण उठताना गुडघ्यातून अशी कळ आली, की परत खाली बसले आणि सही करून टाकली.

*

ऑपरेशन होऊन घरी आले. मला काय, दिवसभर चमच्या-चमच्यानं डाळीचं पाणी. आणि गावाकडं पोटाचं ऑपरेशन म्हटलं की एकच समजतात. बाळंतीण!

पहिल्याच दिवशी शोभाताई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. सुनीतानं अळीवाची खीर आणली. शेजारच्या काकूंनी साजूक तूप. आमच्या सासूबाई तर पोट बांधायला जुनं लुगडं घेऊन उभ्या!

मी म्हटलं, "अवो, मी बाळंत न्हाई झाले!"

सासूबाई म्हणाल्या, "नसंना का. पोट तर चिरलंय न्हवं? डिंक खाल्ल्याबिगार कंबर धरनार न्हाई."

डबे परत कसे पाठवायचे? पाठवले तर गाव रुसणार. मग लाडू, खीर, तूप, सगळं आमच्या मालकांनी बिनबोभाट संपवलं. दोन महिन्यांनी त्यांची पँट बसेना. माझं उतरलेलं वजन कुठं गेलं, ते सगळ्या गावाला दिसत होतं!

*

डॉक्टरांनी तिखटाला परवानगी दिली आणि मी परत कामावर गेले. पहिलीच ऑर्डर आळेफाट्याची, साखरपुड्याची. मोठी पंगत. पूर्ण वाटी काही मला जाणार नव्हती, म्हणून मी पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

काहीच नाही हो! नुसतं गरम पाणी. मागून तोंडात लोखंडासारखी चव. वाटलं, मीठच पडलेलं नाही. मीठ घाला म्हटलं. घातलं. परत चाखलं. अजून घाला! सुनीता माझ्याकडे बघत होती, पण माझ्या शब्दापुढं बोलायची तिची टाप नव्हती.

मी म्हटलं, "सोडा!"

पहिली पंगत बसली आणि पाण्याचे जग पळायला लागले. नवऱ्या मुलाचे काका वाटी घेऊन थेट आत आले. "ताई, मासवडीला खरोखरचा मासा समजला काय? समुद्रातच सोडलीय की!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग मागच्या बाजूला टाकीपाशी जाऊन पदर तोंडात धरून रडले. वजन उतरलं, गुडघे सुधारले, शुगर आटोक्यात आली, सगळं खरं. पण जी एक गोष्ट माझी म्हणून लोक ओळखत होते, तीच गेली असली तर काय करायचं?

शोभाताई मागून आल्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, "पळी दे हिकडं."

मी दिली.

*

आता पहिली वाटी शोभाताईंची. त्यांना बीपी. घरात कित्येक वर्षं अळणी खातात. त्यांच्या जिभेला चिमूटभर मीठसुद्धा जास्त! त्यांच्या पहिल्याच ऑर्डरीत यजमानीणबाई मिठाची बरणी घेऊन पंगतीतून फिरत होत्या.

मग पळी सुनीताकडे गेली. सुनीता हिरवी मिरची शेंगदाण्यासारखी खाते. तेव्हा ऑर्डर होती अवसरीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांची, कसलीतरी पार्टी. पहिल्या घासाला पोरांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पण इंजिनिअर होणारी पोरं, हार कशी मानणार? एकजण हुंदका देत म्हणाला, "काकू, लई भारी! जरा... जरा पंखा लावता का?"

टेम्पोत बसून परत निघालो. शोभाताई म्हणाल्या, "एकीला लागत न्हाई, एकीला लई लागतं, आन् एकीला जाळ लागतो. गट हाय का दवाखाना!"

*

मधल्या काळात डिंभ्याला माझ्या मावशीकडे जाणं झालं. मावशीनं धरणातले ताजे मासे तळले होते. मी अंगठ्याएवढा तुकडा खाल्ला आणि ताटावर हात धरला.

मावशीचा चेहरा पडला. "माज्या हातचं आवडंना व्हय गं तुला आता? पुन्याच्या डॉक्टरचं ऐकून मावशी परकी झाली?" आणि डोळ्याला पदर!

आमचे मालक मूठ दाखवून म्हणाले, "मावशी, तिचं पोटच एवढं हाय. रुसू नगा."

मावशीनं त्या मुठीकडे बघितलं. मग उठली, फडताळातनं नातवाची दूध प्यायची इवलीशी वाटी काढली. त्यात माशाचा नखाएवढा तुकडा घातला. "ह्यो घे." मी खाल्ला. लगेच दुसरा. "आता माज्यासाठी." खाल्ला. मग तिसरा. "आता तुज्या गेलेल्या काकांसाठी!" तिन्ही मिळून एक घास झाला नसेल, पण तीन वेळा वाढलं, तीन वेळा घेतलं. मावशी खूश!

परत निघालो तर बसचा पत्ता नाही. मी म्हटलं, चला फाट्यापर्यंत चालत. पूर्वी मला घरातून टेम्पोपर्यंत जायचं तरी मध्ये ओट्यावर टेकावं लागायचं. त्या दिवशी मी पुढं आणि डिंकाचे लाडू खाल्लेले आमचे मालक मागं, धापा टाकत. "मंदे, हळू की जरा!" लग्न झाल्यापासून हे वाक्य मीच त्यांना म्हणत आले होते. त्या दिवशी मी मुद्दाम मागं वळून बघितलं नाही.

*

मासवडी थापायची ती जमिनीवर बसून. ओलं फडकं अंथरायचं, त्यावर गरम पीठ थापायचं, सारण पसरायचं आणि फडक्यानंच वळायचं. मी कित्येक वर्षं हे खुर्चीत बसून, टेबलावर करत होते. टेबलावर हाताला जोर नीट येत नाही, वडीला कड चांगली पडत नाही.

एकदा काम लई होतं आणि टेबलावर पिठाच्या पराती ठेवलेल्या. मी विचार न करता खाली बसले. मांडी घालून. पीठ ओढलं आणि थापायला लागले. दोन वड्या वळून झाल्या. मान वर केली तर सगळ्या माझ्याकडे बघतायत.

"काय झालं?"

शोभाताई म्हणाल्या, "काय न्हाई. थाप तू." आणि त्यांनी नाक पुसलं. म्हणाल्या, कांद्यामुळं. कांदा तेव्हा कुणीच चिरत नव्हतं!

मला सांगताना लाज वाटत नाही, त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की उठायचं नावच घेईना. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तशीच मांडी घालून बसून राहिले.

*

मग एका सकाळी घरी चहा पीत होते. पहिला घोट घेतला आणि म्हटलं, "दूध लागलंय."

सासूबाई फणकारल्या, "कुटं लागलंय? तुजी जीभ गेलीय, मंदा. समदं गाव सांगतंय."

मालकांनी पिऊन बघितलं. "मला तर न्हाई लागत."

मी उठले, दुधाचं भांडं सिंकमध्ये ओतलं आणि बुडाशी बोट फिरवलं. बोटाला करपलेली खपली!

मी ते भांडं घेऊन घरभर नाचले. सासूबाई दूध वाया गेलं म्हणून ओरडत होत्या आणि मी "लागलंय, लागलंय!" म्हणून ओरडत होते. शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांना वाटलं, कुणाला तरी विजेचा धक्का बसला.

धावत गटात जाऊन सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, "चहात कळलं म्हंजी रस्स्यात कळलं असं न्हाई. आळेफाटा इसरले न्हाई मी." आणि सुनीताकडून परत घेतलेली पळी काही दिली नाही.

*

पुढची ऑर्डर अवसरी खुर्दची, वास्तुशांतीची. नवा बंगला, अंगणात मांडव. शोभाताईंनी वाटी घेतली, तोंडाला लावली आणि थांबल्या. एकदा सुनीताकडे बघितलं, एकदा पातेल्याकडे. मग पळी माझ्यापुढं धरली.

मी तळहातावर थेंब घेतला. डोळे मिटले. आज चुकलं तर पळी परत कधी हातात येणार नाही, हे मलाही माहीत आणि त्यांनाही.

"मीठ बरोबर हाय," मी म्हटलं. "लसूण कमी पडलाय. आन् खोबरं जरा कमी भाजलंय, वाटण परत परतून घाला."

"वाटी पुरी कर की," सुनीता म्हणाली.

"वाटी जात न्हाई. थेंबातच कळतंय."

शोभाताईंनी वाटण परतलं, घातलं, उकळी आणली. मी दुसरा थेंब घेतला.

"सोडा!"

पंगत बसली. आम्ही आत कान देऊन उभ्या. पाण्याची पळापळ नाही. मिठाची बरणी नाही. नुसता भाकरी कुस्करल्याचा आणि भुरक्यांचा आवाज. वाढपी रिकामं भांडं घेऊन आला, परत आला, परत आला.

जेवणं आटोपत आली तेव्हा एक म्हातारबुवा हात पुसत आत शिरले. फेटा, पांढऱ्या मिशा. मी त्यांना ओळखलं. आमच्या भागातल्या निम्म्या पंगतींना हे मामा असतातच, आणि दरवेळी माझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जात नाहीत. ते मात्र आमच्यावरनं नजर फिरवत राहिले.

"त्या कुटं हायत?" त्यांनी विचारलं.

"कोन, मामा?" शोभाताईंनी विचारलं.

"अवो, तुमच्या रस्सावाल्या बाई! मधी दोनदा तुमचं जेवलो. म्हनलं, त्या बाईनं काम सोडलं वाटतं. आज पयल्या भुरक्याला कळलं, आल्या. म्हनलं भेटल्याबिगार जायचं न्हाई."

सुनीतानं तोंडात पदर कोंबला. शोभाताई पातेल्यात वाकून काहीतरी शोधायला लागल्या.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी, हातात पळी.

"ए पोरी," ते म्हणाले, "जा की जरा. बोलाव त्यास्नी भायेर."

मी पळी खाली ठेवली. आतल्या खोलीत गेले. दाराआड उभं राहून पदर सारखा केला, घाम पुसला आणि बाहेर आले.

"बोला मामा," मी म्हटलं.