अर्धी फुली

रस्ता रुंद करायला आमचं जुनं चर्च पाडायचं ठरलं. आज पालिकेचा माणूस लाल रंग घेऊन आला. पाडायच्या भिंतीवर फुली मारतात. आम्ही समोर उभे राहून पाहत होतो. एक तिरकी रेघ ओढून त्यानं पुन्हा ब्रश उचलला, तेवढ्यात शेजारची रोझीमावशी म्हणाली, "बाबा, मारायचीच तर सरळ मार. क्रूस तरी होईल."

ब्रश हवेतच थांबला. रंग मनगटावर ओघळला.

"असं बोलू नका हो मावशी," म्हणत तो डबा उचलून निघून गेला.

फुलीत आणि क्रुसात फरक तो केवढासा! नुसती मान कलती केली की एकाचं दुसरं होतं.

उद्या दुसऱ्याला पाठवतील. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहू. उरलेली रेघ त्यानं आमच्या छातीवरून ओढावी.