परीचं रक्त तपासायला इंदूरला गेले तेव्हा

पहाटेची बस पकडून रावेरहून निघालो, मी आणि माझी चार वर्षांची परी, दोघी उपाशी. रक्त द्यायचं तर पोटात काही नको एवढंच मला माहीत, शाळा माझी आठवीतच सुटली. घाटात परीला उलटी झाली, नुसत्या पाण्याची, आणि मी आपली तिच्या बोटांकडे बघतेय, आपोआप उडतात का. माझ्या वडिलांची, आबांची, आधी बोटंच उडायला लागली होती, मग सगळं अंग नाचायला लागलं, मग माणसं ओळखेनात. गाव म्हणायचं दारू पितो. आबांनी कधी थेंब घेतला नाही. शेवटी-शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी तपासून कागद दिला, हंटिंग्टन नावाचा आजार, घराण्यातून येतो.

इंदूरच्या भंवरकुआंला उतरलो तर क्लासच्या पोरापोरींची ही गर्दी, पण रस्त्यावर कागदाचा कपटा नाही! उलटीची पिशवी हातात घेऊन मी उभीच. एका रिक्षावाल्यानं रिक्षातला डबा पुढे केला, "लाओ बेन (ताई), इसमें डालो, और बैठो."

तुकोगंजच्या दवाखान्यातल्या मॅडम तिथल्याच मराठी. "अहो ताई, बच्ची सुबह से भुकी आहे? या टेस्टला उपाशी नाही राहायचं! आधी पोहे, बाकी बाद में." खालून पोहे आणि जिलेबी आली, पोह्यांवर शेव आणि जीरावन (भुरभुरायचा मसाला). काय चव हो! परीनं दोन प्लेटा खाल्ल्या तोवर मॅडम आजाराचं एक अक्षर बोलल्या नाहीत.

मग कागदावर चौकोन-गोल काढले, पुरुष चौकोन, बाई गोल. आबांचा चौकोन पेनानं काळा भरला. "यात दारूचा काही संबंध नाही," म्हणाल्या. मला रडूच फुटलं. माझा गोल रिकामा ठेवला. "तुमच्यात आला असेल किंवा नसेल, आधा-आधा. तुमच्यात नसेल तर परीला तुमच्याकडून येणारच नाही."

"मग परीचं रक्त घ्या ना आत्ताच!"

"नाही. लहान मुलांची ही टेस्ट आम्ही करत नाही. आज तिला काही त्रास नाही, रोखायला औषध नाही. अठराची झाली की तिचं ती ठरवेल."

"मी आई आहे तिची!"

"दिसतंय ना. आल्यापासून तिचे हातच बघताय. रिपोर्ट आला तर तिचा चेहरा कधी बघणार?"

मी पदरानं परीच्या तोंडावरचा जिलेबीचा पाक पुसला. माझंही रक्त त्या दिवशी घेतलं नाही. घरी जा, सोचा, जवळचं कोणी घेऊन या, नको वाटलं तर नका येऊ, तेही चालतं म्हणाल्या. आमचे हे तर घरून निघताना म्हणाले होते, तुझ्या माहेरचं दुखणं, तू बघ.

परतीच्या बसमध्ये वाटत होतं, एवढ्या लांब जाऊन सुईसुद्धा न टोचता आले. पण कोणी रागावलं नाही की हसलं नाही, असं शहर मी पहिल्यांदा बघितलं. भीती होतीच, पण आता ती माझी एकटीची होती, परीला त्यातून मी बाहेर काढलं होतं.

रावेरला हे स्टँडवर उभे. "पोरीचं काय निघालं?"

"तिचं घेतलंच नाही. माझं घेतील, कोणी बरोबर आलं तर."

यांनी पुढे होऊन झोपलेल्या परीला खांद्यावर घेतलं आणि चालता चालता विचारलं, "इंदूरची पहाटेची बस किती वाजता असते?"