एकट्यासाठी हीटर

मनुरेवाच्या लायब्ररीत ते काका मला हिवाळाभर दिसायचे. पुण्याहून इकडे परदेशात मुलाकडे राहायला आलेले. मुलगा-सून कामावर गेली की घरातला हीटर बंद करायचा, कानटोपी घालायची आणि इथे येऊन संध्याकाळपर्यंत बसायचं. वाचायचे काहीच नाहीत.

"एकट्यासाठी घर कशाला तापवायचं? विजेचं बिल मुलाला येतं," असं मला सांगायचे. मुलाला मात्र सांगितलं होतं, लायब्ररीत खूप मित्र झालेत. प्रत्यक्षात बोलणारी मीच, तीही पुस्तकं बदलायला गेले तर.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, दुरुस्तीसाठी लायब्ररी बंद झाली. काका बाहेरच्या बाकावर, हात काखेत खुपसून बसलेले.

"उठा काका. माझ्या घरी चला, चहा करते."

"घरी कोण असतं?"

"मी एकटीच."

आले. मी हीटर लावला आणि चहा टाकायला गेले. कप घेऊन परतले तर हीटर बंद.

"अहो काका, हे काय?"

"दोघंच तर आहोत. गप्पा मारू, थंडी नाही वाजायची."

मी कोट चढवला आणि समोर बसले. चहा संपला, तरी दोघांनाही बोलायला काही सुचेना.